गंगाकाकीला डावा कौल

कौल डावा पडला. तो पडला तेव्हा गंगाकाकी देवळात नव्हतीच. ती देवरूखला, मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ मळत होती.

देवळात गेले होते तिचे थोरले दीर, भिकाजी धनावडे. आमच्या तळेवाडीत घर बांधायचं असो, सोयरीक जुळवायची असो की आजाऱ्याला कोल्हापूरला न्यायचं असो, आधी ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर उजव्या नि डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि सगळे हात जोडून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भिकाजीकाकांनी विचारलं होतं, "आमच्या महिपतची बायको हिमालयात जाते म्हणतेय. तिला पाठवू काय?" डावी कळी लगेच पडली. त्या 'लगेच'वर ते नंतर फार जोर द्यायचे.

संध्याकाळच्या एसटीने काकी घरी आली तेव्हा ते पडवीत तिची वाटच बघत होते. शेजारी त्यांची बायको यमुनाबाई तांदूळ निवडत होती.

"गंगा, देवीनं न्हाय म्हटलान," भिकाजीकाका म्हणाले.

"कुणाला?"

"कुणाला काय? तुला!"

"मी कुठं इचारलं होतं?"

"मी इचारलं. घरातला मोठा मी."

काकीने हातातली पिशवी खाली ठेवली. "मग भावजी, तुमी जाऊ नका."

यमुनाबाईला हसू आलं. तिने ते तांदळाच्या सुपात लपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे वाक्य वाडीतल्या प्रत्येक पडवीत जाऊन आलं होतं. काहींना ते विनोदी वाटलं, बऱ्याच जणांना उद्धट. देवीचा शब्द मोडायचा म्हणजे काय? उद्या वाडीत कोणाची म्हैस आटली तरी बोट गंगाकडेच दाखवलं जाणार, हे तिलाही कळत होतं.

गंगाकाकीने पन्नाशी ओलांडली आहे. नवरा महिपत लग्नाच्या आधीपासून मुंबईत, रंगाच्या गोदामात. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. मुलगा संदेशही तिकडेच, बायकोसह. मागची भातशेती, गुरं, सासूचं आजारपण, सगळं काकीने एकटीने काढलं. संदेश मुंबईला गेल्यावर तिने वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. ती बारीक, काटक आणि भरभर चालणारी. आमच्या वाडीतून एसटीच्या थांब्यावर जायला चिऱ्याच्या पायऱ्यांची उभी पाखाडी आहे. त्या पाखाडीवर काकीला कोणी मागे टाकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हिमालयाचं खूळ डोक्यात शिरलं ते वसतिगृहातच. रत्नागिरीच्या एका गिर्यारोहण मंडळाची सावनी नावाची मुलगी तिथे बर्फातल्या मोहिमेची चित्रं दाखवायला आली होती. मे महिन्यात मंडळ उत्तराखंडातल्या एका उंच खिंडीपर्यंत ट्रेक नेणार होतं. मुली पडद्याकडे बघत होत्या आणि काकी मागे चहाची किटली घेऊन उभी होती. शेवटी सावनीने विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" मुलींनी एकमेकींना कोपरं मारली. मागून आवाज आला, "तिथं जेवण कोण करतं?"

"आमच्याबरोबर आचारी असतात, काकू. सगळ्यांना तंबूत आणून देतात."

"आणि बायकांनी काय करायचं?"

"चालायचं. जेवायचं. झोपायचं."

काकी किटली हातात धरून तशीच उभी राहिली. नंतर सावनी निघताना तिने फाटकापाशी तिला गाठलं आणि म्हणाली, माझं नाव घाला.

का, हे तिने आम्हाला एकदा पाखाडीच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. ती गावाबाहेर पुष्कळदा गेली होती. नणंदेच्या बाळंतपणाला मुंबईला, बहिणीच्या नवऱ्याच्या दिवसांना चिपळूणला, भाच्याच्या लग्नाला गुहागरला. पण प्रत्येक रस्त्याच्या टोकाला एक चूल होती आणि तिच्यापाशी कोणीतरी म्हणत होतं, आलीस? बरं झालं, पदर खोच. "जिथं माझी कुणी वाट बगत न्हाय, अशा ठिकाणी मला एकदा जायाचं हाय," ती म्हणाली. पैशाचा प्रश्न नव्हता, भिशी तिच्या नावावर लागली होती.

प्रश्न होता तो निवडीचा. मंडळ नाव घेतं, पण नेतं निवडून. त्यासाठी आधी सराव चढाई असते, पाठीवर सामान घेऊन. तिथे सावनी ज्याला हो म्हणेल तोच मे महिन्यात जातो.

काकीने तयारी सुरू केली. देवरूखच्या बाजारातून घोट्यापर्यंतचे बूट आणले. जन्म अनवाणी नाहीतर चपलांत गेलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी ती शेणात पाय पडल्यासारखी चालत होती. यमुनाबाई दारातून ओरडली, "गंगे, पोलिसात भरती झालीस काय गो?"

"व्हय. तुझ्यापासून पकडायला सुरवात करते."

पाठपिशवीत नारळ भरून ती पाखाडी चढू-उतरू लागली. आठवड्याभरात बूट मऊ झाले. काकीला वाटलं, झालं, आता राहिलं काय.

सराव चढाई महिमतगडावर होती. रत्नागिरीहून गाडी भरून माणसं आली होती, बँकेतला एक कारकून, एक दंतवैद्य, कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षिका कमलाताई. सावनीने सगळ्यांना बजावलं की एका रांगेत चालायचं, कोणी पुढे पळायचं नाही. काकी रांगेत उभी राहिली. पण पिशवीचे पट्टे तिच्या खांद्यांना काचायला लागले आणि पुढचा कारकून प्रत्येक वळणावर थांबून फोटो काढायला लागला. काकीने थोडा वेळ सोसलं. मग खांद्यावरचा पंचा गुंडाळून त्याची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली, चुंबळीवर ती निळी चकचकीत पाठपिशवी ठेवली, आणि कारकुनाला बाजूने ओलांडून निघाली. मागून दंतवैद्याने व्हिडिओ काढला. तो आमच्या वाडीच्या ग्रुपवर कसा पोहोचला देव जाणे, पण काकी घरी पोहोचायच्या आधी पोहोचला होता.

गडाच्या दरवाजात ती सगळ्यांच्या कितीतरी आधी गेली. बाकीचे लालबुंद होऊन वर येईपर्यंत तिने काटक्या गोळा करून ठेवल्या होत्या. सावनी सगळ्यांच्या शेवटी, कमलाताईंबरोबर आली. तिने काटक्या बघितल्या.

"या कशाला, काकू?"

"च्या करायला. तुमी दमून येणार."

सावनीने तिला एका बाजूला नेलं. "काकू, तुम्हाला मी नेऊ शकत नाही."

काकीला आधी वाटलं, पिशवी डोक्यावर घेतली म्हणून. "खांद्यावर घ्यायची सवय करीन मी."

"पिशवीचं नाही हो. तुम्ही पाणी किती प्यालात?"

"प्यायला थांबलं कोण?"

"तेच. काकू, तुम्ही डाळ शिजवता ना? तिकडे वर हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी लवकर उकळतं आणि डाळ कच्चीच राहते. श्वासाचंही तसंच. एका श्वासात इथल्यापेक्षा कितीतरी कमी हवा मिळते. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. जो घाई करतो त्याचं डोकं धरतं, उलट्या होतात. मग त्याला पाठीवर घालून खाली आणावं लागतं आणि सगळ्यांचा ट्रेक मोडतो. माणूस जितका तगडा तितका जास्त फसतो, कारण त्याला वाटतं आपल्याला जमतंय."

"म्हंजे मी पहिली आली म्हणून नापास?"

"हो."

"आणि ह्या?" काकीने कमलाताईंकडे बोट दाखवलं. त्या दगडावर बसून शांतपणे केळं सोलत होत्या.

"त्या पास."

काकीने काटक्यांना लाथ मारली.

सावनी तरीही म्हणाली की शिमग्यानंतर दुसरी सराव चढाई आहे, तेव्हा या. पण सगळ्यांत मागे, कमलाताईंबरोबर चालायचं. चालताना सबंध वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. बोलता आलं नाही, तर वेग जास्त.

घरी भिकाजीकाका पडवीत बसलेच होते. मोबाईलवर तो व्हिडिओ परत परत लावत. "देवीनं आधीच सांगितलान न्हवं?" ते म्हणाले. "देवीला दिसतं सगळं."

"देवीला तुमचा मोबाईल बी दिसत असंल," काकी म्हणाली आणि आत गेली. पण त्या रात्री ती जेवली नाही, असं यमुनाबाईनेच आम्हाला सांगितलं.

हळू चालणं. ऐकायला सोपं वाटतं. काकीने दुसऱ्या दिवसापासून करून बघितलं आणि तिला जमेना. पहिल्या चार पायऱ्या हळू व्हायच्या, पाचवीपासून पाय सुटायचे. त्याचं कारण पायांतच मुरलेलं होतं. डोक्यावर गवताचा भारा असला की वाटेत थांबता येत नाही. भारा एकटीला उतरवता येत नाही, उतरवला तर परत चढवायला दुसरं माणूस लागतं. थांबलं की मान भरते. म्हणून तळापासून निघायचं ते वरच्या कट्ट्यापर्यंत एका दमात. आमच्या वाडीतली प्रत्येक बाई अशीच चढते. भारा नसला तरी अशीच चढते, कारण घरी कोणीतरी भुकेलं असतं.

आणि दुसरी अडचण म्हणजे लोक. भारा घेऊन धावणारी बाई कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. रिकाम्या हातांनी, ऐन दिवेलागणीला, चुली पेटायच्या वेळी, एकेक पाऊल टाकत पाखाडी चढणारी आणि वर पोहोचून परत खाली उतरणारी बाई आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. आधी विचारपूस झाली. बरं न्हाय काय गो? मग टोमणे. "राणीसायेब फेरफटक्याला निघाल्या!" "गंगे, काय हरवलं काय वाटंत?" तिसऱ्या दिवशी महिपतचा मुंबईहून फोन आला. काकी तेव्हा पाखाडीच्या मध्यावर होती. तिने फोन उचलला आणि चालत राहिली.

"लोकं मला फोन करतायत," महिपत म्हणाला. "तुझी बायको रिकामी फिरते म्हणतात."

"खरं हाय ते."

"अगो, पण कशाला?"

"हळू चालायला शिकते."

"हळू चालायला शिकावं लागतं व्हय?"

"तुमी या शिमग्याला. या पाखाडीवर माझ्यासंगती हळू चालून दाखवा. मग बोलू." आणि मग तिला एकदम कळलं की एवढं सगळं ती चालता चालता, एकदाही धाप न लागता बोलली होती. पण फोन ठेवल्याबरोबर पाय पुन्हा सुटले.

शिमगा आला. मुंबईची माणसं गाड्या भरून आली. महिपत आला, संदेश आला. ढोल वाजले आणि देवीची पालखी देवळातून बाहेर पडून घराघराकडे निघाली. देवळापासून वरच्या घरांपर्यंत पालखी पाखाडीनेच चढते. भोयांची पाळी लागलेली असते. त्या दिवशी पुढच्या दांडीला महिपत होता.

दरवर्षी पालखी खालच्या घरांत असते तेव्हा काकी वर घरी असते, पुरणपोळ्या करत. या वर्षी तिने पुरण सकाळीच उरकलं आणि बूट घालून खाली गेली, पालखीच्या मागे. तिथे तिला दिसलं ते आम्ही सगळे जन्मापासून बघतोय, पण त्याचा असा विचार कोणी केला नव्हता. लाकडाची, चांदीच्या मुखवट्यांनी जड झालेली पालखी खांद्यांवर घेऊन माणसं उभी पाखाडी चढत होती, आणि कोणालाही घाई नव्हती. एक पाऊल, मग तोल सावरायचा, मग दुसरं पाऊल. प्रत्येक घरी थांबायचं. ओटी भरून घ्यायची, पाणी प्यायचं, खांदा बदलायचा. वरच्या घरांत माणसं ताटकळलेली होती, तरी कोणी ओरडत नव्हतं की देवी, लवकर ये, पुरण निवतंय. काकी पालखीच्या मागच्या दांडीला नजर लावून भोयांच्या पावलात पाऊल टाकत चढली. सबंध पाखाडी. पाय एकदाही सुटले नाहीत.

पालखी धनावड्यांच्या अंगणात टेकायच्या आधी, भोयांच्या खांद्यांवर असतानाच, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे घरच्यांच्या वतीने देवीला सांगणं. गुरव एकेक वाक्य मोठ्याने म्हणतो, शेवटी 'म्हाराजा' म्हणून थांबतो, आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत. हे तोंडात इतकं बसलेलं आहे की म्हणताना कोणी विचार करत नाही.

"ह्यो जो धनावड्यांचा परिवार हाय, त्येंची लेकरंबाळं सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैला जे नोकरीधंद्याला हायत, त्येंना यश दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरव श्वास घ्यायला थांबला. आणि ओटीचं ताट हातात घेऊन उभी असलेली काकी, त्याच सुरात, त्याच्याइतक्याच मोठ्याने म्हणाली, "आणि ही जी धनावड्यांची धाकटी सून, जिनं या पाखाडीवर भारे वाहून जल्म काढलान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगण म्हणालं.

गुरवाचं तोंड उघडंच राहिलं. बाईने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. भिकाजीकाका दोन पावलं पुढे आले.

"ती तुला काय इचारत न्हाय, सांगते. मोठ्या माणसाला सांगून जातात तशी सांगते. मे महिन्यात ती बर्फात जातेय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं अंगण म्हणालं. त्यात भिकाजीकाकांचाही आवाज होता. तो निघून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मुंबईची पोरं आधी हसली. मग ढोलवाल्याने काय समजून कोण जाणे, ढोलावर एक जोराची थाप मारली, आणि मग हसू कोणालाच आवरेना. महिपत दांडी खांद्यावर घेऊन उभा होता. त्याला हलता येत नव्हतं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो बायकोकडे बघत होता.

"ह्याला गाऱ्हाणं म्हणत न्हायत," भिकाजीकाका म्हणाले.

"मग काय म्हणतात, भावजी?"

काकीने पुढे होऊन ओटी भरली.

वाडीत यावर आजही दोन मतं आहेत. कौल डावा तो डावाच, असं म्हणणारे पुष्कळ. यमुनाबाई तर म्हणते की हिमालयात काही झालं तर मी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका. काकीने कोणाला समजावलं नाही. त्या रात्री महिपतने फक्त एवढंच विचारलं, "तिकडं थंडी किती असते गो?" ती म्हणाली, "तुमच्या गोदामात पंखा हाय तेवढी न्हाय, जास्त." सकाळी त्याने आपला मुंबईचा स्वेटर तिच्या पिशवीत घातलेला होता. तो तिने काढला आणि परत त्याच्या पिशवीत ठेवला. भोकं होती त्याला.

दुसरी सराव चढाई मार्चच्या शेवटी झाली. ऊन चढायच्या आत सगळे गडाच्या पायथ्याशी होते. काकी आपणहून रांगेच्या शेवटी, कमलाताईंच्या मागे उभी राहिली. पिशवी या वेळी पाठीवर होती. कमलाताई प्रत्येक वळणावर थांबत, झाडांची नावं विचारत. काकी सांगत होती, हा किंजळ, हा ऐन, ह्याचा पाला गुरं खात न्हायत. पुढची माणसं दिसेनाशी झाली. पाय सुटायला बघत होते तेव्हा तिने डोळ्यांसमोर पालखीची मागची दांडी धरली.

अर्ध्या वाटेवर फोन वाजला. यमुनाबाई होती. "अगो गंगे, पावणे आलेत! संदेशच्या सासरची माणसं! कधी येतंस?"

"सांजच्याला."

"सांजच्याला? आणि च्यापाणी?"

"साखर वरच्या फळीवर हाय."

"आणि जेवण?"

"यमुनाबाय, तुला हात हायत." काकीने फोन बंद करून पिशवीत टाकला.

दरवाजाच्या खालच्या शेवटच्या चढावर ती एका दगडावर टेकली. अजिबात दमली नव्हती. कमलाताई पुढे गेल्या. वर दरवाजात सावनी उभी होती, खाली बघत. तिने हाताचा कर्णा केला. "काकू! चला, लवकर! सगळे थांबलेत तुमच्यासाठी!"

वरची माणसं वाकून बघायला लागली. आयुष्यभर असल्या हाकेवर जी बाई पदर खोचून धावली, ती काही उठली नाही. तिने पिशवी पाठीवरून काढली, शेजारी ठेवली, बाटलीचं झाकण उघडलं.

"थांबू देत!" तिने खालून ओरडून सांगितलं. "मी पाणी पिते!"

आणि ती प्यायली, एकेक घोट, बाटली अर्धी होईपर्यंत. वर सावनीने हातातल्या यादीत काकीच्या नावापुढे खूण केली आणि मागे वळून, या वेळी बरोबर आलेल्या मंडळाच्या आचाऱ्याला म्हणाली, "मे महिन्यात एक ताट वाढवा."